वाचा जाते तेव्हा

समजा, पालम तालुक्यातल्या एखाद्या गावात तुमच्या वर्गातल्या मुलीचे आजोबा एके सकाळी उठले, ते उजवा हात-पाय लुळा पडूनच. अर्धांगवायू. नांदेडला दवाखान्यात राहून ते घरी आले. पण काहीही विचारले की एकच शब्द, 'अगं, अगं'. हळूहळू घरातले त्यांना विचारेनासे होतात. 'म्हाताऱ्याला आता काही कळत नाही,' असे सगळेच धरून चालतात. हे खरे असते का? या प्रश्नाच्या उत्तराला मोठा इतिहास आहे.

एप्रिल १८६१. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाकडे ५१ वर्षांचा लेबोर्न्य नावाचा रुग्ण आला. त्याच्या पायाला गँग्रीन झाले होते. काहीही विचारले तरी तो 'तां, तां' म्हणे, म्हणून सगळे त्याला 'तां'च म्हणत. ब्रोकाने विचारले, 'इथे येऊन किती वर्षे झाली?' त्याने हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवले. एकवीस! उत्तर अचूक होते. तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र तो चिडला आणि त्याच्या तोंडून एक सबंध शिवी बाहेर पडली.

सहा दिवसांनी तो वारला. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, पुढच्या खंडात इजा आढळली. १८७४ मध्ये जर्मनीच्या कार्ल वेर्निके याने उलट प्रकार मांडला. तिथे रुग्ण घडाघडा बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट समजत नाही. इजा असते मागच्या बाजूला, कानाजवळच्या खंडात. या दोन्हींना आज वाचाघात किंवा ॲफेजिया म्हणतात.

'तां'ने शिकवलेल्या दोन गोष्टी मोलाच्या आहेत. बोलता न येणे म्हणजे न कळणे नव्हे. आणि ठरवून बोलणे वेगळे, आपोआप ओठांवर येणे वेगळे. म्हणूनच स्वतःचे नाव न सांगू शकणारा माणूस कधी कधी पाठ असलेला अभंग किंवा एक ते दहा आकडे सलग म्हणून जातो. १९७३ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या तज्ज्ञांनी सुरावर शब्द म्हणवून घेण्याची उपचारपद्धती मांडली, ती याच जातीच्या अनुभवावर.

इथे शिक्षकांनी एक फरक लक्षात ठेवावा. आपल्या वर्णमालेत व्यंजने उच्चाराच्या जागेनुसार मांडली आहेत. 'क' घशाकडून, 'च' टाळूशी, 'त' दातांशी, 'प' ओठांशी. अर्धांगाने ओठांचे स्नायू दुबळे झाले तर प, ब, म बिघडतात. जिभेची मागची बाजू दुबळी झाली तर क, ग बिघडतात. या रुग्णाची भाषा शाबूत असते. हात चालत असेल तर तो पाटीवर लिहून दाखवतो. वाचाघातात मात्र बहुधा लिहिणेही बिघडते. म्हणून पाटी पुढे केली आणि त्याने काही लिहिले नाही, तर 'डोके गेले' असा निष्कर्ष काढू नये.

निदान झाले, पण उपचारांचे काय? दोन महायुद्धांत डोक्याला गोळी लागलेले हजारो तरुण जिवंत परतले. पहिल्या युद्धात फ्रँकफर्टला कुर्ट गोल्डस्टाइन, दुसऱ्यात सोव्हिएत रशियात अलेक्झांडर लुरिया यांनी त्यांना पुन्हा बोलायला शिकवले. गेलेली भाषा सरावाने काही प्रमाणात परत येते, हे तिथे दिसले.

१९६५ हे वर्ष आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी म्हैसूरला वाक्-श्रवण संस्था स्थापन झाली. मुंबईत नायर रुग्णालयात आणि १९८३ पासून वांद्र्याच्या राष्ट्रीय संस्थेत या विषयाचे तज्ज्ञ तयार होऊ लागले. त्याच १९६५ मध्ये अभिनेत्री पॅट्रिशिया नील हिच्या मेंदूत रक्तस्राव होऊन तिची वाचा गेली. तिचा नवरा म्हणजे मुलांचा लाडका लेखक रोआल्ड डाल. त्याने इंग्लंडमधल्या आपल्या गावच्या शेजाऱ्यांना बोलावले. ते आळीपाळीने येत, तिच्याशी बोलत, चित्रे दाखवत, शब्दांचे खेळ घेत. व्हॅलरी ईटन ग्रिफिथ या शेजारणीने कसलेही शिक्षण नसताना हे काम धरून ठेवले, १९७० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, आणि पुढे तिथे स्वयंसेवकांची योजनाच उभी राहिली. नील १९६८ मध्ये पुन्हा पडद्यावर आली.

म्हैसूरची संस्था आणि इंग्लंडमधले शेजारी, दोन्ही लागतात. तज्ज्ञ तपासून दिशा देतो. रुग्णाला पाणी पिताना ठसका लागतो का, हेही तोच पाहतो, कारण ते पाणी फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. पण तज्ज्ञ बहुतांशी शहरात, आणि बोलण्याचा सराव हवा रोजचा. तो घरातच होणार. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघाताचा स्पष्ट समावेश आहे. तेव्हा हा म्हातारपणाचा भोग नव्हे, हक्काचा प्रश्न आहे, हेही घरच्यांना सांगायला हवे.

त्या मुलीला एवढेच सांगा. आजोबांसमोर बस. एका वेळी एकच प्रश्न विचार, हो-नाही उत्तराचा. चहा की पाणी, दोन्ही भांडी समोर ठेव. मग थांब. घाईने त्यांचा शब्द पुरा करू नकोस. आणि त्यांनी पंजा उघडला, तर बोटे मोज.