तळटीप : हिवरे बाजारचा ताळेबंद

हिवरे बाजार : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या नगर तालुक्यातले पर्जन्यछायेतले गाव. समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. तरी किनारी गावांच्या नियोजनाच्या चर्चेत लेखक त्याचे नाव घेतात, ते तिथल्या पाण्याच्या ताळेबंदासाठी. पोपटराव पवार १९८९मध्ये सरपंच झाले; पुढे आदर्श गाव योजनेतून पाणलोटाची कामे झाली. पावसाळा सरला की किती पाऊस पडला, किती पाणी हाताशी आहे, याचा हिशेब ग्रामसभेत मांडतात. माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे, उरेल त्यावर रब्बीचा पेरा ठरवायचा. शेतीसाठीच्या बोअरवेलला तर गावाने बंदीच घातली. बंधारे इतरत्रही बांधले गेले. पण विहीर माझी असली तरी पाणी गावाचे, हे कबूल करवणे अवघड, आणि खरे काम तेच. कोकणाशी केलेली तुलना मात्र लेखकांनी जरा सैल सोडली आहे. शेतात खारे पाणी शिरते तेव्हा ग्रामसभेच्या हिशेबाने भागत नाही; खारबंधारे दुरुस्त करावे लागतात आणि खारभूमी विभाग, सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) नियम, सगळेच मध्ये येतात. — संपा.