चादरीवरचा मोर आणि ब्राउझरमधली फाईल

१/ सोलापुरी चादरीवरचा मोर मागाला दिसत नाही. मागाला कळते ते एवढेच : येथे छिद्र आहे की नाही. टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेला प्रकल्प संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी तो 'कंपाइल, बंडल, मिनिफाय' करतात. त्यांतल्या पहिल्या दोन क्रिया पुठ्ठ्यावर आणि दोरीवर पाहायच्या असतील, तर सोलापूरचा जकार्ड माग पाहावा.

२/ घरात तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांनी हा व्यवसाय येथे वाढवला. नक्षी प्रथम चौकटींच्या कागदावर भरली जाते. मग बाण्याच्या प्रत्येक फेकीसाठी पुठ्ठ्याचे एक कार्ड कोरतात. छिद्र असेल तेथे हुक ताण्याचे धागे उचलतो, नसेल तेथे ते खालीच राहतात. चित्राचे यंत्राच्या होय-नाहीत झालेले हे भाषांतर म्हणजेच कंपाइल. ही कार्डे क्रमाने दोरीत ओवून साखळी केली की झाले बंडल. साखळीची टोके जोडली की ती फिरत राहते आणि मोरामागून मोर उमटतो.

३/ जाकारचा माग १८०४ चा, फ्रान्समधल्या लिऑं शहरातला. कार्डे ओवण्याची कल्पना त्याहून जुनी. फाल्कनने ती १७२८ मध्येच वापरली होती. पुढे बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कार्डे घेतली.

४/ ब्रेंडन आइकने १९९५ मध्ये जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला. तिच्यात संख्येच्या जागी शब्द आला, तरी चूक कळे ती कार्यक्रम चालू झाल्यावर; कधी तेव्हाही नाही! मागावर एक छिद्र चुकले, तर साखळीच्या प्रत्येक फेऱ्यात तोच दोष उमटतो. म्हणून तपासणी कागदावरच हवी. ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेली, अँडर्स हेल्सबर्ग यांच्या नेतृत्वाखाली घडलेली टाइपस्क्रिप्ट नेमके हेच करते : प्रकार तपासते आणि मग ते पुसून साधी जावास्क्रिप्ट देते. ब्राउझरला प्रकारांचा पत्ताही लागत नाही.

५/ मिनिफायला मात्र मागावर जोड नाही. कार्डाचा आकार ठरलेला. चादरीला फोनपर्यंत तारेतून जायचे नसते. येथे प्रत्येक अक्षराला वाहतूक पडते. डग्लस क्रॉकफर्ड यांचे 'जेएसमिन' मोकळ्या जागा आणि टिपा काढून टाकी. पुढच्या साधनांनी नावांवरही कात्री चालवली. 'एकूणरक्कम'चे नुसते 'अ' होते. (होय, जावास्क्रिप्टमध्ये देवनागरी नावे चालतात. करून पाहा.)

६/ पण मग दोष शोधायचा कसा? कार्डांवर क्रमांक घातलेले असले, की कापडातल्या चुकलेल्या ओळीवरून कार्ड सापडते. ब्राउझरसाठी हे काम 'सोर्स मॅप' करतो. तो आणि मूळ फाईल दोन्ही हरवली, तर गोष्ट वेगळी. कागदावरची नक्षी हरवली, तरी चिकाटीचा माणूस छिद्रे मोजत, वीण ओळखत कार्डांवरून मोर पुन्हा काढू शकतो. 'अ'वरून 'एकूणरक्कम' कोणालाही परत मिळत नाही.