भावी शिक्षकाचें बालपण

अध्यापनशास्त्राचीं पुस्तकें हातीं येण्यापूर्वींच भावी शिक्षकाजवळ एक पुस्तक असतें. तें त्याचें स्वतःचें बालपण. त्यांत पंतोजी असतो, घोकलेले पाढे असतात, अंगठे धरून उभें राहणें असतें. छडी बसली म्हणूनच आम्ही शिकलों, असें सांगणारे उमेदवार ट्रेनिंग कॉलेजांना नवे नाहींत. परंतु छडीला भिऊन जो मुलगा रानांत पळाला तो परत आलाच नाहीं. मग तो शिक्षक कोठून होणार? शाळेंत टिकलेल्यांचीच आठवण तेवढी शाळेंत परत येते.

कोल्हापुरांत हा प्रश्न राजर्षि शाहू छत्रपतींच्या हुकुमानें उभा राहिला. १९१७ सालीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत झालें. मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१७-१८ सालीं या योजनेच्या शाळा २७ व मुलें १,२९६ होतीं. १९२१-२२ सालीं शाळा ४२० व मुलें २२,००७ झालीं. केवढे शिक्षक लागले असतील! आणि समोर बसलेलीं मुलें कोणाचीं? गुराख्याचीं, मजुराचीं, ज्यांच्या घरीं पाटी कधीं आलीच नव्हती अशांचीं. शिक्षकाच्या आठवणींतल्या वर्गांत हीं मुलें नव्हतीं.

त्याहून अवघड गोष्ट १९१९ सालीं झाली. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम निघाला. ज्यानें लहानपणीं अस्पृश्याचें मूल ओसरीबाहेर बसलेलें पाहिलें, त्यानें आतां त्याची पाटी हातांत घ्यावयाची होती. येथें आठवण ही अडचणच. मात्र ओसरीबाहेरचें तेंच मूल पुढें शिक्षक झालें, तर दारापाशीं अंग चोरून बसलेला मुलगा त्याला आधीं दिसणार.

सक्तीचा हुकूम निघाला तेव्हां आजऱ्याजवळील बहिरेवाडीचे विठ्ठल हरि घोटगे दहा वर्षांचे होते. पुढें स्वातंत्र्यचळवळींत घेतलेलें जयंत पांडुरंग नाईक हें नांव त्यांना जन्मभर पुरलें. १९६४ ते १९६६ च्या शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव ते हेच. मौनी विद्यापीठ मात्र त्यांनीं शहरांत न काढतां गारगोटीस काढलें, आणि तेथेंच शिक्षक घडविण्याचें कार्यहि सुरू झालें. भुदरगड तालुका म्हणजे डोंगर आणि भाताचीं खाचरें. पावसाळ्यांत वर्ग रिकामा पडला कीं न आलेलें मूल शिकाऊ शिक्षकाला तेथें चिखलांत रोप लावतांना दिसे.