गैरमुमकिन पहाड

दिल्लीत बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला पहिल्या काही महिन्यांत हुरहूर लागते ती डोंगराची. सपाट प्रदेश, धुळकट क्षितिज आणि रुंद रस्ते पाहून इथे चढण्यासारखे काही नाही, असे आपण मनाशी ठरवून टाकतो. माझीही तीच समजूत होती. एका हिवाळ्यात गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यावरून मांगर गावाकडे वळलो आणि ती समजूत तासाभरात गळून पडली.

गाव मागे टाकल्यावर पायवाट खडकांमधून चढू लागते आणि थोड्याच वेळात पायाखाली दरी उघडते. दोन्ही अंगांना तांबूस-करडे खडक आणि मधल्या घळीत धौ वृक्षांचे सलग रान. धौ हा आपल्या धावड्याचा जवळचा नातलग. येथील खडक एके काळी वाळूचा होता. उष्णता आणि दाब यांमुळे तो घट्ट होत गेला आणि त्याचा क्वार्टझाइट झाला. त्याचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. अरवलीपुढे तो तान्हे बाळच म्हणायचा. या परिसरातील कपारींत प्रागैतिहासिक चित्रे असल्याचे २०२१ साली प्रकाशात आले. दिल्ली हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी इथे माणसाचा वावर होता.

याच अरवलीचे उत्तरेकडील टोक दिल्लीत शिरते. त्याला तेथे रिज म्हणतात. मार्च १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाच्या फौजेने मोगल सैन्याचा पराभव केला ते तालकटोरा या रिजच्या पायथ्याशीच आहे. लढाईनंतर बाजीराव रेवाडी, कोटपुतळीच्या वाटेने परतला, म्हणजे पुन्हा याच रांगांच्या प्रदेशातून. फेब्रुवारी २०२५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तालकटोरा स्टेडियममध्ये भरले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांचे पाय त्या परिसराला लागले असतील. त्या बागेमागचा डोंगर मात्र फार थोड्यांनी पाहिला असेल.

मला सांगायचे आहे ते या डोंगराच्या दुसऱ्या इतिहासाविषयी. तो लढायांच्या बखरीत सापडत नाही, पटवाऱ्याच्या दप्तरात सापडतो.

हरियाणातील महसुली अभिलेखांत अशा जमिनीपुढे 'गैरमुमकिन पहाड' असा शेरा असतो. गैरमुमकिन म्हणजे अशक्य. काय अशक्य? लागवड. ज्या जमिनीत पीक येत नाही ती सर्व गैरमुमकिन; म्हणून त्याच दप्तरात 'गैरमुमकिन रास्ता' आणि 'गैरमुमकिन आबादी' याही नोंदी आढळतात. या दृष्टीची मुळे जुनी आहेत. अकबराच्या काळी तोडरमलाच्या व्यवस्थेत जमिनीचे पोलज, परौती, चाचर आणि बंजर असे वर्ग होते आणि ते ठरत जमीन किती सलग कसली जाते यावरून. इंग्रजी अमलात मोजणी अधिक काटेकोर झाली, पण दृष्टी तीच राहिली. सरकारने जमिनीकडे पाहिले ते सारा किती येईल एवढ्याच हेतूने. जिथे सारा नाही तिथे काय आहे, हे लिहिण्यासाठी रकानाच ठेवला गेला नाही.

आपल्याकडे वेगळे आहे असे मानण्याचे कारण नाही. सातबाऱ्यावरील 'पोटखराबा' हा गैरमुमकिनचा मराठी भाऊबंदच. खडक, ओढा, घळ, झाडी, सारे त्या एका शब्दाच्या पोटात.

गंमत अशी की डोंगराची किंमत शून्य होती तोवर या शब्दानेच त्याचे रक्षण केले. अशक्य जमिनीकडे कोण फिरकणार? मांगरच्या रानाला दुसरेही कवच होते. गावकरी त्याला 'बनी' म्हणतात, म्हणजे आपली देवराई. गुदडिया दास बाबांचे हे रान; येथील फांदी तोडली तर अनिष्ट होते, अशी मांगर, बंधवाडी आणि बालियावास या गावांची श्रद्धा. माझ्यासोबत चालणाऱ्या वृद्ध गुर्जर गृहस्थांनी सांगितले, "साहेब, इथून आम्ही दातणाची काडीही नेत नाही."

दिल्ली वाढू लागली तसे हे कवच पातळ झाले. या खडकाची झिजून झालेली वाळू 'बदरपूर' या नावाने राजधानीच्या बांधकामांत गेली आणि डोंगरात खाणी पडल्या. दुसरीकडे, गावाची सामाईक, म्हणजे शामलात जमीन खातेदारांच्या हिश्श्यांत वाटली जाऊन पुढे विकली जाऊ लागली. अशक्य जमिनीला अचानक एकरी भाव आला.

मग शासन आणि न्यायालये संरक्षणाला पुढे आली, आणि त्यांच्या हाती तेच जुने शब्द होते. ७ मे १९९२ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने अरवलीतील बांधकाम व खाणकामावर निर्बंध घातले. संरक्षित जमीन ओळखायची कशी? अभिलेखातील 'गैरमुमकिन पहाड' आणि तत्सम शेऱ्यांवरून. ज्या शब्दाने डोंगराला निरुपयोगी ठरवले, तोच त्याचा साक्षीदार झाला. परंतु ही अधिसूचना तेव्हाचा गुडगाव जिल्हा आणि राजस्थानातील अलवर यांपुरती होती. मांगर पडते फरिदाबाद जिल्ह्यात. डोंगर एक, खडक एक, रान एक. पण जिल्ह्याची हद्द ओलांडली की संरक्षण संपले.

पुढील साधनेही अशीच अवचित हाती आली. होशियारपूरकडील शिवालिकच्या पायथ्याशी ओढ्यांनी होणारी धूप रोखण्यासाठी केलेला १९०० सालचा पंजाब भूसंरक्षण कायदा अरवलीच्या कामी आला. त्याच्या कलम ४ खालील विशेष आदेशांतील जमीन वन समजावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला. त्यापूर्वी १२ डिसेंबर १९९६ रोजी त्याच न्यायालयाने 'वन' या शब्दाला शब्दकोशातील अर्थ लावला होता आणि मे २००९ मध्ये फरिदाबाद, गुडगाव व मेवातमधील अरवलीत खाणकाम थांबवले होते. बनीच्या भोवती बांधकामाला मज्जाव करणारा पट्टा हरियाणा सरकारने ठरवला तो २०१६ साली.

आणि प्रश्न पुन्हा व्याख्येवरच येतो. भोवतालच्या भूभागापासून शंभर मीटर वा अधिक उंच तोच अरवलीचा डोंगर, ही व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी स्वीकारली. मोठा आक्षेप उठल्यावर २९ डिसेंबरला आपलाच तो आदेश स्थगित ठेवला. पूर्वी मोजमाप पिकाचे होते, आता उंचीचे. बनीतील घळ शंभर मीटरच्या काठीने मोजून कशी कळणार?

हे लिहिताना मी कोणाकडे बोट दाखवत नाही, कारण माझ्या सहीचाही एक कागद आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी सह्याद्रीतील एका तालुक्यात रस्त्याच्या प्रस्तावासाठी मी स्थळपाहणी केली होती. सातबाऱ्यावर पोटखराबा होता. जागेवर चाळीसएक जुनी झाडे आणि शेंदूर लावलेला एक दगड होता. मी अहवालात लिहिले: पीक नाही, हरकत नाही. अभिलेखाशी ताडून पाहिले तर त्यात एक अक्षरही खोटे नव्हते. झाडे गेल्यानंतर गावातील एका म्हाताऱ्याने मला विचारले, "साहेब, तुमच्या कागदात देवाला जागा नाही होय?" मी तेव्हा नियम सांगितला. आज उत्तर द्यावे लागले तर म्हणेन, आजोबा, जागा होती, ती भरण्याची तसदी मी घेतली नाही.

पंचनाम्यात 'जागेची वस्तुस्थिती' लिहिण्याची मुभा कनिष्ठातल्या कनिष्ठ अधिकाऱ्यालाही असते. झाडे किती, कोणती, गाव त्या जागेला काय म्हणते, हे चार ओळींत लिहिता येते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पुढे कधी वाद न्यायालयात गेलाच, तर त्या चार ओळीच पुरावा होतात.

दिल्लीत असाल तर थंडीत एखाद्या रविवारी गावकऱ्यांना विचारून मांगरला जा. घर सोडून आलेल्या आपल्यासारख्यांना तिथे गावाकडची देवराई भेटेल. येताना मात्र काडीही उचलू नका.