जाळपोळीच्या तपासात अंगावरचे कपडे काय सांगतात?

सुरत : लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबं राहतात. बरेच जण लूमवर किंवा डाइंग मिलमध्ये कामाला. आग लावल्याचा गुन्हा दाखल झाला की पोलीस जळालेल्या वस्तूंसोबत जखमीचे आणि संशयिताचे कपडेही जप्त करतात. ते तपासणीसाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत, म्हणजे एफएसएलला जातात. सुरतमध्ये गुजरात सरकारची प्रादेशिक प्रयोगशाळा आहे.

तपासणी कशी होते?
कपडा बंद डब्यात गरम करून त्यातून निघणारी वाफ कोळशाच्या पट्टीवर शोषून घेतात. मग गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री यंत्रावर त्यातले घटक वेगळे केले जातात. पेट्रोल, रॉकेल, डिझेल यांची घडण वेगवेगळी दिसते. लूमच्या ऑइलचा डाग आणि पेट्रोल यांतही फरक कळतो. पेट्रोल लवकर उडून जातं. रॉकेल आणि डिझेल जास्त काळ टिकतं.

सुती आणि पॉलिस्टर
सुती कापड जळून कोळसा होतं. पॉलिस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळून कातडीला चिकटतं. पॉलिस्टर जळताना स्वतःच काही रसायनं सोडतं, ती पेट्रोलमधल्या घटकांशी जुळतात. म्हणून त्याच कपड्याचा न भिजलेला तुकडा तुलनेसाठी लागतो.

कपडे कसे ठेवायचे?
रक्ताचे कपडे सावलीत वाळवून कागदात ठेवतात. आगीच्या गुन्ह्यात उलट आहे. कपडे वाळवले की पुरावा हवेत जातो. घट्ट झाकणाचा स्वच्छ पत्र्याचा डबा किंवा काचेची बरणी लागते. साध्या पॉलिथिन पिशवीतून वाफ निसटते. जखमीचे आणि संशयिताचे कपडे कधीच एकत्र ठेवू नयेत.

कायदा
१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे.

अहवालाची मर्यादा
कपड्यावर पेट्रोल सापडलं म्हणजे आग त्यानेच लावली, असं होत नाही. गाडीत पेट्रोल भरतानाही ते सांडतं. काही सापडलं नाही म्हणजे माणूस निर्दोष, असंही नाही.

नातेवाइकांसाठी
सासरी भाजलेल्या मुलीच्या प्रकरणात स्टोव्हचा भडका की अंगावर ओतलेलं रॉकेल, हा वाद कपड्यांवर येऊन थांबतो. दवाखान्यात कापून काढलेले कपडे धुऊ नका, टाकून देऊ नका, अंत्यविधीत जाळू नका. ते पोलिसांकडे द्या आणि पंचनाम्यात त्यांची नोंद झाली का, हे बघून घ्या.