२९ जुलै : पुण्याचा उदयन माने ऑलिंपिकमध्ये

२०२१ : टोकियो ऑलिंपिकच्या पुरुष गोल्फ स्पर्धेला कासुमिगासेकी कंट्री क्लबवर सुरुवात. भारताचे दोन खेळाडू मैदानात उतरले : अनिर्बन लाहिरी आणि पुण्याचा उदयन माने. स्पर्धेत जागा फक्त ६०. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि राखीव यादीतल्या उदयनला जेमतेम तीन आठवडे आधी बोलावणे आले. पहिला दिवस कठीण गेला. पार ७१ च्या, म्हणजे ७१ फटके अपेक्षित असलेल्या मैदानावर ७६ फटके लागले आणि तो तळाला फेकला गेला. पण दुसऱ्या दिवशी ६९ फटक्यांत फेरी संपवून त्याने झुंज दिली, आणि हीच फेरी लक्षात ठेवावी अशी. अखेरीस तो संयुक्त ५६ वा आला. त्याच मैदानावर पुढच्या आठवड्यात महिलांच्या स्पर्धेत भारताच्या अदिती अशोकचे कांस्यपदक एका फटक्याने हुकले. त्या बातमीपुढे उदयनची कामगिरी झाकोळली, हा त्याच्यावर अन्यायच झाला.

मराठी घरांत गोल्फ आजही साहेबांचा खेळ समजला जातो. ही समजूत मोडायची तर, नवी मुंबईकरांनो, खारघरच्या डोंगरपायथ्याशी सिडकोचे गोल्फ मैदान आहे. मुलांना एकदा तिथे जरूर न्या.