गव्हर्नरसाहेबांची जुनी घरे

राज्यपालांचे निवासस्थान म्हटले की मलबार हिलचे टोक डोळ्यांपुढे येते. तिन्ही बाजूंना समुद्र आणि मधोमध सुमारे पन्नास एकरांचा हिरवागार परिसर. पण मुंबई इलाख्याचे गव्हर्नर तिथे कायमच्या मुक्कामाला गेले ते १८८५ मध्ये. त्यांची त्याआधीची दोन घरे आजही उभी आहेत आणि त्यांची हकिकत अधिक बोलकी आहे.

पहिले घर परळचे. मुळात तो ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ. इंग्रजांनी तो ताब्यात घेतला आणि पुढे तिथे गव्हर्नर राहू लागले. कालांतराने परळभोवती गिरण्या आणि दाट वस्ती वाढली. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने दगावल्या आणि साहेबांनी समुद्रकिनारा गाठला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. परळच्या त्याच बंगल्यात १८९९ मध्ये डॉ. हाफकिन यांची प्लेगवरील लशीची प्रयोगशाळा सुरू झाली. तीच आजची हाफकिन संस्था.

दुसरे घर पुण्याजवळच्या गणेशखिंडीतले. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६४ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि अवाढव्य खर्चावरून टीकाही झाली. २२ जून १८९७ च्या रात्री तिथे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ होता. पुणेकर तेव्हा प्लेगने आणि प्लेग बंदोबस्ताच्या जुलमाने पोळले होते. समारंभाहून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली, ती याच रस्त्यावर.

राज्यघटना आली आणि राज्यपालपदाचा अर्थच बदलला. जुन्या गव्हर्नराला इंग्लंडहून नेमले जाई आणि इलाखा त्याच्या हुकमाने चाले. आजच्या राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात. घटनेच्या १६३ व्या कलमानुसार काही अपवाद वगळता त्यांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचे असते. निकालानंतर सरकार बनवण्यासाठी कोणाला बोलवायचे, विधेयकावर सही केव्हा करायची, असे पेच मात्र आजही त्यांच्या दारी येतात. म्हणून हे पद केवळ शोभेचे नाही आणि मनमानीचेही नाही.

२०२५ च्या अखेरीस देशभरातील राजभवनांना 'लोकभवन' म्हणायचे ठरले. नाव चांगलेच आहे. पण घर लोकांचे कसे होते, हे गणेशखिंडीने फार आधी दाखवले. १९४९ मध्ये तिथे पुणे विद्यापीठ सुरू झाले. राज्यपाल त्याचे कुलपती झाले, पण घर विद्यार्थ्यांचे झाले. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई मार्च १८९७ मध्ये गेल्या. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी त्या वाड्यात राणीचा जयजयकार झाला होता. आज त्याच वाड्याच्या विद्यापीठाच्या पदवीवर नाव आहे ते सावित्रीबाईंचे.